मोबाइलवर बातम्या वाचण्यासाठी फीड रीडर अ‍ॅप खरोखर उपयोगी पडते का? कोणते घ्यावे?

समाजमाध्यमांवर दिवसभर बातम्या दिसत राहतात, तरी महत्त्वाचे काही निसटल्यासारखे वाटते, म्हणून फीड रीडर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहते आणि माझे बहुतेक बातम्यांचे वाचन अशाच अ‍ॅपमधून होते. माझ्या मते ते अवश्य घ्यावे. मात्र स्रोत निवडण्याचे कष्ट स्वतः घ्यावे लागतात.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक साधी फाइल असते. तिच्यात ताज्या मजकुरांची शीर्षके, दुवे, थोडा सारांश आणि प्रसिद्धीची तारीख-वेळ असते. आरएसएस नावाची ही पद्धत १९९९ पासून चालत आली आहे. अ‍ॅप ठरावीक वेळाने ती फाइल तपासते आणि नव्या नोंदी सहसा वेळेच्या क्रमाने लावते. आपण मागे कशावर बोट ठेवले होते यावरून पुढची बातमी ठरत नाही आणि मुख्य म्हणजे यादी कुठेतरी संपते. तारखेचे महत्त्व पुणेकरांना वेगळे सांगायला नको. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडले की नदीवरचा भिडे पूल बुडाल्याची जुनी छायाचित्रे आजची म्हणून फिरू लागतात. फीडमध्ये प्रत्येक नोंदीला तिची वेळ चिकटलेली असते, त्यामुळे अशी गल्लत फार कमी होते.

अ‍ॅप निवडताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बहुतेक फीडमध्ये अलीकडच्या मोजक्याच नोंदी राहतात. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवरील संकेतस्थळांत तर मूळ मांडणीनुसार दहाच असतात. ‘फीडर’सारखे अ‍ॅप थेट फोनवरूनच फीड तपासते, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, पण बॅटरी वाचवण्यासाठी फोनने त्याला रोखून धरले, तर मधल्या काळातील नोंदी कायमच्या हातच्या जातात. ‘फीडली’ किंवा ‘इनोरीडर’ यांचे सर्व्हर आपल्या वतीने फीड तपासत राहतात, म्हणून फोन बंद असला तरी नोंदी जमा होतात. रोज भरपूर मजकूर देणारी वृत्तपत्रे वाचायची असतील तर मी दुसरा प्रकार सुचवेन. आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’ मोफत आहे आणि चांगले आहे.

स्रोत निवडताना संपूर्ण वृत्तपत्राचे फीड जोडण्याचा मोह टाळावा, कारण दोन दिवसांत शेकडो न वाचलेल्या नोंदी साचतात आणि अ‍ॅप उघडणेच नकोसे होते. विभागवार फीड मिळत असेल तर तेवढेच घ्यावे. बीबीसी मराठीचे फीड आहे, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या निवेदनांचेही आहे. सरकारी निर्णयाचा मूळ मजकूर आधी वाचून मग त्यावरील बातमी वाचण्याची सवय मला फार मोलाची वाटते. महिन्यातून एकदाच लिहिणारे अभ्यासक असतील तर त्यांना आवर्जून जोडावे, कारण असेच लेखन इतरत्र गर्दीत बुडून जाते. वर्डप्रेसवरील संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिले की बहुधा फीड सापडते. यूट्यूबच्या वाहिन्याही याच पद्धतीने जोडता येतात.

तातडीच्या सूचनांसाठी मात्र यावर विसंबू नये. अ‍ॅप पुढच्या वेळी फीड तपासेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. नदीकाठी राहत असाल तर विसर्गाची माहिती महापालिका आणि जलसंपदा विभागाकडूनच थेट घ्यावी. आपल्या पेठेतील पाणी कधी बंद राहणार, कोणता रस्ता खणला आहे, अशा बातम्या फीडमध्ये तुटपुंज्याच येतात. त्यासाठी मी घरी येणारे छापील वर्तमानपत्र अजून बंद केलेले नाही.

स्रोतांची यादी नीट बसली की ती ओपीएमएल नावाच्या प्रकारची फाइल म्हणून उतरवून स्वतःजवळ ठेवावी. जुलै २०१३ मध्ये गूगलचे ‘गूगल रीडर’ हे फीड रीडर बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे आपल्या स्रोतांची यादी होती त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये थेट चढवता आली. आजही एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाण्यासाठी तीच फाइल चालते.