आधी भावाकडे जा

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. नेमाने शास्त्रवाचन करूनही प्रार्थनेत मन लागत नाही, देव दुरावल्यासारखा वाटतो, तेव्हा उपास वाढवावा का, असे तू विचारतोस. माझ्या मते उपासाचा प्रश्न नंतरचा. जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी धरलेल्या अबोल्याबद्दल तू ओझरती एक ओळ लिहून लगेच विषय बदललास, आणि तुझी खरी अडचण तिथेच आहे, असे मला वाटते.

देवाने आपल्या बाजूने काहीच आड ठेवलेले नाही. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा यरुशलेमेच्या मंदिरातील, परमपवित्रस्थानापुढचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. ज्या परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, केवळ प्रमुख याजक, तोही वर्षातून एकाच दिवशी, जाऊ शकत असे, तिथे आता आपण धैर्याने जावे, असे इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो. यापुढे आड येते ते आपणच सोडायला तयार नसलेले काहीतरी. ‘प्रभू, मी पापी आहे’ ही मोघम कबुली आपल्याला जड जात नाही. जकातदार जक्कयाने मात्र येशूची भेट झाल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत, असे सर्वांसमक्ष सांगितले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५:२३-२४ पुन्हा सावकाश वाच. हे शब्द गालीलात बोलले गेले आणि वेदी होती यरुशलेमेत, कित्येक दिवसांच्या पायी वाटेवर. तरीही येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. चूक कोणाची, हे तो विचारतही नाही. भावाच्या मनात काही आहे, एवढे येशूला पुरेसे आहे. ही आज्ञा कठोर वाटते खरी, पण मला तिच्यात देवाची मोठी दया दिसते, कारण परत यायची वाट कुठून सुरू होते ते ती नेमके दाखवते.

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाआधी गावी जाऊन ये. फोनवर भागवू नकोस. सातबारा सोबत नेऊ नकोस. हिश्शाचा न्याय्य निवाडा पुढे रीतसर होऊ शकेल, आणि तो मागण्यात गैर काही नाही. ‘दादा, मी बोललो ते चुकले, मला क्षमा कर’ एवढेच म्हण आणि त्यापुढे ‘पण’ जोडू नकोस. शक्य तितके, आपल्याकडून होईल तितके सर्वांशी सलोख्याने राहा, असे प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो. भावाच्या वाट्याचे उत्तर तुझ्याकडे मागितले जाणार नाही. त्याने तोंड फिरवले, तर वाद न घालता परत ये, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत राहा, आणि काही दिवसांनी पुन्हा जा.

तुझा हितचिंतक