नागपुरात होईल ते नागपुरातच करून घे

अगं पोरी,

तुझा मेसेज आला, परमिटचा स्क्रीनशॉट मी दोनदा झूम करून पाहिला. हॅपी आइल्सपासून सुरुवात, ऑगस्टचा पहिला आठवडा! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या लॉटरीत जॉन म्युर ट्रेल या पायी वाटेसाठी लोकं वर्षावर्षाला अर्ज टाकत राहतात आणि तुला पहिल्याच फटक्यात लागलं, तुझ्या आईनं देवासमोर साखर ठेवली म्हणे, बरं केलं. तू विचारून राहिली की काका बॅग कोणती घेऊ. बॅगचं सांगतो, पण शेवटी, कारण बॅग दुकानात मिळते आणि बाकीचं मिळत नाही.

तुझ्याकडं पाच महिने आहेत. हा ट्रेल ३४० किलोमीटरचा, योसेमिटी व्हॅलीपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत, आणि माथ्यावर पोचलं की संपलं असं होत नाही, तिथून खाली व्हिटनी पोर्टलपर्यंत अजून १७ किलोमीटर उतरावं लागतं. सगळी चढण मोजली तर १४,००० मीटरच्या आसपास जाते. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, आणि व्हिटनी ४,४२१. मधला जो फरक आहे ना, तेवढी एकच गोष्ट नागपुरात शिकता येत नाही. पाय, खांदे, पोट, खाणं, तंबू, स्टोव्ह, सगळ्याची तयारी इथं होते, उंचीची नाही होत. म्हणून जे इथं होतं ते इथंच पूर्ण करून जा, म्हणजे तिथं गेल्यावर तुझं सगळं लक्ष त्या एका गोष्टीवर राहील.

आता माझी गोष्ट ऐक, ही मी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. २०१६ साली मी गेलो तेव्हा मित्र कॅलिफोर्नियातच राहणारा होता, मी नागपूरहून उतरून तिसऱ्याच दिवशी योसेमिटीतल्याच ट्युऑलमी मेडोजहून चालायला लागलो, २,६०० मीटरवरून. पहिला मुक्काम लायल कॅन्यनच्या वरच्या टोकाला, डोनोह्यू पास म्हणून खिंड आहे तिच्या खाली. रात्री डोकं ठणकून राहिलं होतं, भात पाहून मळमळ, झोप नाहीच. मित्रानं विचारलं काय झालं, मी म्हटलं जेटलॅग आहे. साफ खोटं. मला कळत होतं की उंची लागून राहिली, पण पंधरा वर्षं ट्रेक करणाऱ्या माणसानं पहिल्याच रात्री कसं सांगायचं. सकाळी पासकडं चढताना मी सरळ पायवाटेवरून डावीकडं जायचो, परत यायचो, परत डावीकडं. मित्रानं मागं वळून पाहिलं आणि एक शब्द न बोलता माझी बॅग काढून घेतली आणि मला खाली कॅन्यनमध्ये आणलं. खाली आल्यावर काही तासांत डोकं उतरलं, पूर्ण दीड दिवस आम्ही नदीकाठी बसून काढला, मग तोच पास, ३,३७० मीटरचा, मी आरामात चढलो. तो माणूस मागं वळला नसता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो.

तर तू असं कर. सॅन होजेला मावशीकडं दोन दिवस जेटलॅग काढ, मग दोन रात्री ट्युऑलमी मेडोजच्या उंचीवर झोप, फक्त इकडंतिकडं फिर. मग खाली व्हॅलीत येऊन ट्रेल सुरू कर, पहिला मुक्काम लिटल योसेमिटी व्हॅलीत. उत्तरेकडून दक्षिणेला जाण्याचा हाच मोठा फायदा आहे की पास हळूहळू उंच होत जातात, फॉरेस्टर पास ४,००९ मीटरचा तो अगदी शेवटी येतो, तोवर तुझं रक्त तयार झालेलं असतं. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. डोकं दुखतंय, भूक नाही, मळमळ आहे, म्हणजे आज वर जायचं नाही, बस. आणि एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांना विचारून घे, स्वतःच्या मनानं नको. आणि सोबत येणाऱ्या मैत्रिणीला पहिल्या दिवशीच सांगून ठेव की आपण रोज संध्याकाळी एकमेकींना खरं सांगायचं, डोकं कसं आहे, जेवली किती. माझ्यासारखं जेटलॅग म्हणायचं नाही.

आता नागपूर. तू म्हणशील इथं डोंगर कुठं आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आहे, तुमच्या बिल्डिंगचा जिना आहे, रविवारी रामटेक आहे. अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गड चढ, उतर, परत चढ. बॅगेत विटा वगैरे भरू नको, दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भर, चढताना वजन घे आणि वर पाणी झाडांना टाकून दे, रिकाम्या बॅगेनं उतर, गुडघे वाचतात. पहिले दोन महिने असं, मग मात्र वजनासकट उतरायची सवय कर, कारण सिएराच्या, म्हणजे तिथल्या, डोंगरांत उतारच जास्त रडवतो. सुरुवात ५ किलोनं, जूनपर्यंत १३-१४ वर आण. आणि जमलं तर एकदा पचमढीला चौरागड कर. महाशिवरात्रीला आपल्याकडची लोकं महादेवाला जातात ना, खांद्यावर त्रिशूळ घेऊन, साठ-सत्तरच्या आज्या अनवाणी चढतात, त्यांची चाल नीट पाहा. एक पाऊल, श्वास, दुसरं पाऊल, मध्ये थांबणं नाही आणि घाईपण नाही. ट्रेकिंगच्या व्हिडिओत मी इतकी चांगली चाल कुठं पाहिली नाही. चढताना तुला मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे.

शूज एक नंबर मोठे घे, रोज वीस किलोमीटर चालून पाय सुजतात. मे महिन्यात संध्याकाळी जे माप बसेल तेच माप घे, उन्हानं पाय तसेच फुगलेले असतात. पायाला कुठं गरम वाटलं की लगेच थांबून टेप लाव, फोड आल्यावर टेप लावून उपयोग नाही.

आणि खाणं! इथं नागपूर जगात सगळ्यांच्या पुढं आहे, मी मनापासून सांगतो. वर ३,३०० मीटरवर पाणी ९० डिग्रीच्या आतच उकळतं, तिथं कच्ची तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दातांत कचकच लागते आणि गॅस वाया जातो तो वेगळा. म्हणून शिजवलेलंच वाळवून न्यायचं. मे महिन्यात गच्चीवर तुझी आजी कुरडया आणि सरगुंडे घालते त्याच शेजारी तुझं वाळवण घाल. डाळ अगदी मऊ शिजवून, हळद मीठ कढीपत्ता घालून, तेल नाही कारण तेल खवट होतं, मोठ्या थाळीत पातळ पसरव, वरून मलमलचं कापड. आपलं ४५ डिग्रीचं ऊन दोन दिवसांत त्याचा पापड करतं. हातानं चुरा कर, डब्यात भर. शिजवलेला भात मोकळा करून तसाच वाळव. वर गेल्यावर उकळतं पाणी ओतायचं, झाकण, टोपीत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि वरून चमचाभर तूप, तूप वेगळं न्यायचं. मित्राकडं परदेशी पाकिटं होती, चौथ्या दिवसापासून तो माझ्या डाळभातावर यायला लागला. दिवसाला ८०० ग्रॅम सुकं खाणं धर, त्यात शेंगदाण्याचे लाडू भरपूर, कारण थोड्या वजनात जास्त ताकद तिथंच मिळते. विमानतळावर सगळं डिक्लेअर कर. आणि जायच्या आधी इथं दोन दिवस फक्त तेच खाऊन बघ, पोटाला काय चालत नाही ते घरीच कळू दे.

हे सगळं अस्वलाला उघडता येत नाही अशा डब्यात मावलं पाहिजे. तिथं बेअर कॅनिस्टर सक्तीचा आहे, योसेमिटीत भाड्यानं मिळतो, मोठा घेतला तर साडेअकरा लिटरचा, आणि त्यात खाण्यासोबत टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओडोमॉस, वास येणारं सगळंच जातं. घरी तेवढ्याच मापाचा प्लास्टिकचा डबा घे आणि भरून बघ किती दिवसांचं बसतं. सात दिवसांच्या वर बसणं कठीण. अर्ध्या वाटेवर म्युर ट्रेल रँचला आधी पोस्टानं खाण्याची बादली पाठवून ठेवता येते, पण तिथून व्हिटनीपर्यंत साधारण १७५ किलोमीटर वाटेत काहीच नाही, तेवढ्यासाठी कीअरसार्ज पासवरून ओनियन व्हॅलीला उतरून मावशीकडून डबा घे, एक दिवस जातो पण पाठ वाचते. म्युर पासवर १९३० साली बांधलेली दगडी झोपडी आहे, तिथं दहा मिनिटं बस.

बाकी पटापट लिहितो. पास दुपारच्या आत ओलांड, ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात. नदी सकाळी पार कर, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, आणि पाण्यात पाय टाकायच्या आधी बॅगेचा कमरपट्टा सोड. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोप, एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. शौचाला पाण्यापासून ६० मीटर दूर, वीतभर खड्डा, आणि व्हिटनीच्या भागात पिशवीतून खालीच आणावं लागतं, लाजायचं काही नाही. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथं घे. सॅटेलाइट मेसेंजर तिथूनच भाड्यानं घे आणि तिथंच परत कर, आपल्याकडं परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही, विमानतळावर लोकं अडकली आहेत. रोज संध्याकाळी त्यावरून आईला "पोचलो" एवढा एक मेसेज जाऊ दे.

राहिली बॅग. सगळं सामान गोळा झाल्यावर घे, आधी नाही, कारण आधी घेतलेली बॅग माणूस भरतोच, मी पण भरली होती. तोवर माझी जुनी वापर. रविवारी पहाटे साडेचारला बर्डीवर ये, पाण्याच्या दोन बाटल्या आणि मोठे मोजे घेऊन, मी गाडी काढतो, ऊन चढायच्या आत रामटेकच्या दोन फेऱ्या करून परत येऊ, मग तर्री पोहे खाऊ आणि तुझा पूर्ण प्लॅन कागदावर मांडू, रोज रात्री किती उंचीवर झोपणार ते लिहूनच आण.

तुझा काका