वापरकर्त्यांची छायाचित्रे मागणीनुसार लहान करताना सर्व्हर बंद का पडतो?

आपला प्रश्न असा आहे की, पत्त्यात (यूआरएलमध्ये) दिलेल्या रुंदीनुसार छायाचित्रे त्या त्या वेळी लहान करून दाखवताना, फाइल जेमतेम ४ एमबीची असूनही १ जीबी मेमरीचा सर्व्हर का बंद पडतो, आणि त्याऐवजी सगळे आकार आधीच करून ठेवावेत का. आपण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातील पिलो ही छायाचित्रे हाताळणारी लायब्ररी वापरता असेही लिहिले आहे. डिचोली तालुक्यातील एका नाट्यमंडळाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. जत्रेतल्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी गावची मंडळी फोनवरून छायाचित्रांचा ढीग अपलोड करतात, त्यामुळे या अडचणीतून मीही गेलो आहे.

मेमरी लागते ती पिक्सेलांच्या संख्येनुसार, फाइलच्या वजनानुसार नव्हे. ४००० बाय ३००० पिक्सेलांचे जेपेग उलगडले, म्हणजे दाबलेल्या फाइलमधून सगळे पिक्सेल मेमरीत मांडले, की पिलोमध्ये पिक्सेलमागे ४ बाइट याप्रमाणे ४८ एमबी जागा व्यापते. अशा २० विनंत्या एकदम आल्या की ९६० एमबी तिथेच संपतात. म्हणून फाइल स्वीकारतानाच, ती न उलगडता, लांबी-रुंदी तपासून मर्यादेबाहेरची फाइल नाकारावी, कारण १-२ एमबीची पीएनजी मुद्दाम अशी बनवता येते की उलगडल्यावर ती जीबीभर जागा घेईल.

जेपेग मात्र उलगडतानाच निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात वाचता येते, आणि पिलोचे थंबनेल हे फंक्शन ही सोय आपोआप वापरते. पाव मापात वरचेच छायाचित्र १००० बाय ७५० होऊन तीन एमबीत बसते. (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणाऱ्या, जेपेगमध्ये इतकी बचत होत नाही.) पण फोनचे उभे छायाचित्र आडवे दिसू नये म्हणून आपण आधी एक्झिफनुसार, म्हणजे फोनने फाइलमध्येच नोंदवलेल्या माहितीनुसार, ते फिरवत असाल, तर फिरवण्यासाठी पूर्ण चित्र उलगडावे लागते आणि ही बचत निघून जाते. माझी चूक नेमकी हीच होती. आधी लहान करावे, मग फिरवावे. फक्त अशा छायाचित्रात रुंदी आणि उंचीची अदलाबदल होते, हे माप ठरवताना लक्षात घ्यावे.

सगळे आकार आधी करून ठेवण्याची गरज नाही. पहिल्या मागणीला प्रत तयार करून साठवावी आणि पुढे तीच द्यावी. परंतु ३२०, ६४० आणि १२८० अशा ठरावीक रुंदींव्यतिरिक्त काहीही मागितल्यास नकार द्यावा, नाहीतर कोणीही ६४१, ६४२ असे आकडे मागत आपला सर्व्हर आणि डिस्क दोन्ही भरून टाकेल. एका वेळी दोनच छायाचित्रांवर काम चालेल, अशी रांगही लावावी.

मूळ फाइल जपून ठेवावी, पण सार्वजनिक करू नये: घरच्या तालमीच्या छायाचित्रात त्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि लहान प्रतीतून ते निघाले आहेत ना, हे आपण स्वतः एकदा उघडून पाहावे.