रिमोट कुणाकडे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, 'कोस्टाओ' बघितला. नवाजुद्दीन आवडतो म्हणून बसलो, पण सोबत सासष्टीचे शेजारी होते, ते सुरुवातीलाच हसायला लागले, म्हणे असं हिंदी आमच्यात कोण बोलतो? मग माझंही गोष्टीवरून लक्ष उडालं. हे फक्त आम्हा गोंयकारांनाच खटकतं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: खटकणारच हो, कान आपले आहेत ना. 1 मे 2025 ला तो थेट झी5 वर आला, थिएटरची भानगडच नव्हती, म्हणजे बघणारा प्रत्येक जण घरी बसून आणि शेजाऱ्यांसोबत कॉमेंट्री करत बघणार. माझं मत विचाराल तर आपल्याच कस्टम्स अधिकाऱ्याची, सोन्याच्या स्मगलिंगची एवढी खरी गोष्ट हाताशी असताना पिक्चर मधेच ढिला पडतो. पण नवाजुद्दीन आणि प्रिया बापटचे घरातले सीन मला आवडले, नवराबायकोच्या कुरबुरीत दोघं माणसांसारखी बोलतात, 'गोवन' व्हायला जात नाहीत. दाराबाहेर पडलं की परत तो ॲक्सेंट, आणि तो पण येऊन जाऊन.

मुळात हिंदीवाल्यांचा गोंयकार ठरलेला असतो, गळ्यात क्रॉस, हातात बाटली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन'. म्हणून मला 2015 चा 'दृश्यम' अजून ग्रेट वाटतो. गंमत बघा, मूळ मल्याळम पिक्चरमध्ये मोहनलालचा जॉर्जकुट्टी ख्रिश्चन, आणि तीच गोष्ट गोव्यात आणताना निशिकांत कामतने त्याचा विजय साळगावकर केला! बॉलिवूडने असं उलटं कधी केलं होतं? पिक्चरमधलं पांडोळीम गाव नकाशावर नाही, पण केबलचा धंदा, दुपारचा रिकामा रस्ता, सब-इन्स्पेक्टर गायतोंडे, हे सगळं डिचोली-साखळी बाजूला गेलं की भेटतंच. बीचवर नाच नाही की 'मॅन' नाही. 2 ऑक्टोबर आला की साळगावकर कुटुंबाच्या त्या सत्संग आणि पावभाजीच्या बहाण्याचे मेसेज फिरतात ते उगाच नाही.

'मडगाव एक्सप्रेस' मात्र या तराजूत घालू नका. कुणाल खेमूचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला पिक्चर, सरळ धुडगूस आहे, त्यात गोवा खरा असावा अशी अपेक्षाच चुकीची. उपेंद्र लिमयेचा मेंडोझा भाई आणि छाया कदमची कंचन कोंबडी, हे दोघं आले की माझ्या घरी कोणी पाणी प्यायला पण उठत नाही.

प्रश्न: साउथचे पिक्चर हिंदी डबमध्ये बघावे की सबटायटल लावून? मुलं म्हणतात डब म्हणजे पाप, आणि बाबांना एवढ्या भराभर वाचता येत नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: बाबांना डबच लावा, मुलांना म्हणावं गप्प बसा. तरी एखादा पिक्चर असतो की डबमध्ये त्याचा जीवच जातो. 'मंजुम्मेल बॉइज' घ्या, 2006 ची खरी घटना, कोचीजवळची पोरं कोडाईकनालला फिरायला जातात आणि एक जण गुणा केव्ह्जमधल्या खोल खड्ड्यात पडतो. ती पोरं मल्याळी, तिथले पोलीस आणि दुकानदार तामिळ. परक्या मुलखात धावाधाव करून मदत मागायची आणि समोरचा तुमच्यावरच संशय घेतोय, ही घालमेल दोन भाषांच्या टकरीतून येते, सगळेच हिंदी बोलायला लागले की ती अर्धी होते. भाषा कळत नसली तरी कोण कुठला ते आवाजावरून समजतं.

दुसरा तामिळ 'मैय्यळगन', नेटफ्लिक्सवर आहे. हा बाबांसोबत बघाच, डबमध्ये तर डबमध्ये. अरविंद स्वामी बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या लग्नाला तंजावरकडे गावी येतो, कार्ती त्याला 'अत्तान अत्तान' (आपल्याकडे दाजी म्हणतात तसं) करत चिकटतो आणि याला त्याचं नाव काही केल्या आठवत नाही, तेही विचारायची लाज. बस्स, एवढीच स्टोरी, पुढे रात्रभर गप्पा. स्लो आहे, रिलीजनंतर दिग्दर्शकाने थोडा कापला तरी स्लोच आहे, आणि मला तो एक मिनिट जास्त वाटला नाही. चवथीला, म्हणजे गणपतीला, मुंबईहून येणारे आणि अंगणात "ओळखलं मगो मला?" म्हटलं की कावरेबावरे होणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

प्रश्न: डायलॉग ऐकू येत नाहीत, आवाज वाढवला की गाणं लागतं आणि सासूबाई दचकून उठतात. टीव्ही नवीन आहे हो!
– एक वाचक, मडगाव

उत्तर: टीव्ही नवीन म्हणजे पातळ, आणि पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यात पिक्चरचा आवाज 5.1 चा, म्हणजे डायलॉगसाठी समोर वेगळा स्पीकर आहे असं धरून केलेला, तो तुमच्या दोनच स्पीकरात कोंबला जातो. ॲपच्या ऑडिओ मेनूत साधा स्टिरिओ मिळतो का बघा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड' असेल तो चालू करा. बराच फरक पडतो. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस धडधडायला लागला की मात्र माझा पण इलाज चालत नाही, सबटायटल लावा.

प्रश्न: चवथीला घर भरलेलं असतं, आजीपासून शाळकरी पोरांपर्यंत. आरती-जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून काय बघावं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: 'लापता लेडीज', अजून बघितला नसेल तर. परत छाया कदम! स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई, आजी तिच्यावर खूश होणार आणि घरातले एकदोन पुरुष उगाच मोबाईल काढून बसणार. 'महाराजा' मात्र कोणी सुचवला तर पोरं झोपल्यावरच, विजय सेतुपती अफाट आहे पण शेवटी जे उघड होतं ते पोरांसमोर बघवत नाही. सुरुवातीला कोपऱ्यात यू/ए 13+ वगैरे येतं ते वाचत चला, 2021 पासून सगळ्या ओटीटींना ते दाखवावंच लागतं. आणि राऊटर इन्व्हर्टरवर आहे ना ते आधी बघा, नाहीतर मधेच वीज गेली की सगळे तुमच्याच नावाने ओरडतील.