संत्र्याच्या सालीचं तेल असली आहे की भेसळीचं, लॅबमध्ये कसं कळतं?
भाऊ, नुसत्या वासावर जाऊ नका. आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीच्या तेलात साधारण 90 टक्के लिमोनीन, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीतलं वासाचं रसायनच असतं, अन् ते बाजारात सुटं स्वस्तात मिळतं म्हणून भेसळवाले तेच ओततात, नाकाला काही समजत नाही. जीसी-एमएस करून घ्या, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीनं एकेक घटक सुटा होतो अन् मास स्पेक्ट्रोमीटर तो ओळखतो. पण रिपोर्टच्या आलेखात लिमोनीनचा मोठ्ठा पीक, म्हणजे उंच टोक पाहून खूश नका होऊ, खरी गंमत ऑक्टॅनल, डेकॅनल, लिनालूल या चिल्लर घटकांत आहे, संत्र्याचा संत्रेपणा तिथून येतो, वरून लिमोनीन ओतलं की यांचं प्रमाण घसरतं. सँपल मात्र काचेच्या बाटलीत द्या, लिमोनीन थर्माकोलसुद्धा विरघळवतं.