दुकान वाढवायची वेळ

“मॅडम, मी पूर्णवेळ ब्लॉग लिहिते. सकाळी सहापासून रात्री एकपर्यंत कामातच असते, तरी झोपताना आज काहीच झाले नाही असे वाटते. घरच्यांच्या लेखी तर मी दिवसभर घरीच असते. मला शिस्त नाही, हे खरे दुखणे आहे. एक चांगले वेळापत्रक करून द्याल का?”

जुलै २०२४ मध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. थोड्या फरकाने तो मला घरून भाषांतर करणाऱ्यांकडून, व्हिडिओ बनवणाऱ्यांकडून, शिकवण्या घेणाऱ्यांकडूनही ऐकायला मिळतो, म्हणून त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकीकत लिहीत आहे. नाव देत नाही. मी त्यांना ताई म्हणत असे, तेच येथेही म्हणते.

ताई अडतीस वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर चिंचवडला आलेल्या. एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम करता करता त्यांनी पाककृतींचा ब्लॉग सुरू केला, मराठीत आणि इंग्रजीतही, आणि जाहिरातींचे पैसे पगाराच्या जवळपास पोहोचल्यावर नोकरी सोडली. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. पहिल्या भेटीत त्यांनी मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. फ्रिजवर लावलेले वेळापत्रक, चार रंगांत, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडलेले. हे त्यांचे वर्षातले तिसरे वेळापत्रक होते. जिने इतक्या निगुतीने तीन वेळापत्रके केली तिला शिस्त नाही, हे निदान मला काही पटेना, आणि चौथे वेळापत्रक करून देण्याचे मी तूर्त टाळले.

त्याऐवजी त्यांना आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. काय करायचे ठरवले होते ते नव्हे, प्रत्यक्षात काय केले ते, तासातासाने, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या कामातून किती समाधान मिळाले याला दहापैकी गुण. शिवाय वाचकांचे आकडे पाहिले की दर वेळी समासात एक रेघ. झोप आणि भूक यांबद्दल विचारले, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हेही सरळ विचारले. ते नव्हते. थकवा मात्र फार होता, म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगितले. माणूस दमला की आम्ही समुपदेशक त्याच्या विचारांमागे लागतो आणि कमतरता कधी कधी रक्तात असते. ताईंच्या तपासण्यांत तसे काही निघाले नाही.

नोंदींतला मंगळवार, १६ जुलै, येथे थोडा सविस्तर सांगते. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि ताईंना त्या दिवशी उकडीच्या मोदकांची छायाचित्रे काढायची होती. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे साडेसात आठवडे लांब. पण सणाचा लेख सणाच्या आठवड्यात टाकला तर तो गूगलच्या शोधात वर येईपर्यंत विसर्जन होऊन जाते, त्यामुळे पाककृती लिहिणाऱ्यांचे पंचांग नेहमीच दोन महिने पुढे धावत असते. सासूबाईंना एकादशीची तयारी करायची होती, शेंगदाणे भाजून कूट करायचे होते, आणि ओट्यावर मोदकपात्र, वजनकाटा, कॅमेऱ्याची तिवई. “अजून चातुर्मास बसायचा आहे आणि हिचे गणपती आले!” हे सासूबाईंचे वाक्य ताईंनी नोंदीत जसेच्या तसे उतरवले होते.

त्यांच्या गॅलरीत चांगला उजेड साडेआठ ते साडेदहा एवढाच असतो. पावसाळ्यात तेवढाही नाही. पांढरा मोदक पांढऱ्या ताटलीत दिसत नाही, म्हणून खाली गडद पाट हवा. उकड जरा गार झाली की पाकळ्यांना चिरा पडतात, म्हणून एका हाताचे बोट पाण्यात बुडवलेले आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. अकरा मोदकांपैकी छायाचित्रात बसण्याजोगे चार निघाले. साडेदहाला उजेड गेला. मग वाटीच्या मापांचे ग्रॅममध्ये रूपांतर, कारण परदेशातल्या वाचकांना ‘एक वाटी’ म्हणजे किती ते कळत नाही आणि आपल्याकडेही दोन घरांतल्या वाट्या सारख्या नसतात. मग छायाचित्रांची निवड, त्यांचा आकार कमी करणे, जुन्या लेखांचे दुवे तपासणे, साखरेऐवजी गूळ चालेल का आणि बाजारची पिठी चालेल का या प्रश्नांना उत्तरे. प्रत्यक्ष लेखन त्या दिवशी दोन तास दहा मिनिटे झाले होते. त्यापुढे गुण होते आठ. मोदकांपुढे सात.

आणि समासातल्या रेघा होत्या ४६.

पहिली रेघ सकाळी सहा दहाची, अंथरुणातली. शेवटची रात्री एक वीसची. रात्रीच्या रेघांचे कारण विचारल्यावर ताईंनी मला या व्यवसायातली एक गोष्ट समजावून सांगितली. अमेरिकेतल्या वाचकावर मिळणारा जाहिरातीचा दर भारतातल्या वाचकाच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी स्वयंपाकघरांत हालचाल सुरू झाली की कमाईचा आकडा हलू लागतो, आणि तेव्हा आपल्याकडे रात्र असते. म्हणजे दिवसभर काम करायचे आणि त्याचा मोबदला रात्री जागून पाहायचा.

या पाहण्याला मी व्यसन म्हणणार नाही, पण त्याची रचना ओळखीची आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतराला बटणावर चोच मारल्यावर कधी चौथ्यांदा, कधी चाळिसाव्यांदा, असा अनिश्चित खाऊ मिळे, आणि तेच कबुतर थांबायचे नाव घेत नसे. ताईंचा आकडा दर वेळी वाढलेला नसे. कधीतरी वाढलेला असे, आणि ते ‘कधीतरी’च माणसाला पुन्हा पुन्हा फोन उघडायला लावते.

त्यात त्या वर्षीचा मार. गूगलने ५ मार्च २०२४ रोजी आपल्या शोधयंत्रणेत मोठा बदल लागू करायला घेतला आणि तो पुरा व्हायला ४५ दिवस लागले. त्या काळात ताईंचे वाचक निम्म्यावर आले. लेख तेच, पाककृती त्याच, चूक कोणती ते कोणी सांगत नाही. मी त्यांना विचारले, तेव्हापासून फोन हातात घेताना मनात नेमके कोणते वाक्य असते? त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आजचा आकडा कालच्यापेक्षा जास्त असायलाच हवा. नाहीतर नोकरी सोडली ती चूकच.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती ज्यांनी थोडीशीही वाचली आहे त्यांना या वाक्यातला ‘च’ लगेच दिसेल. आकडा वाढावा ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. तो वाढायलाच हवा हा हट्ट आहे, आणि ज्या गोष्टीची कळ आपल्या हातात नाही तिच्याबद्दलचा हट्ट माणसाला झोपू देत नाही. एका अक्षरात एवढा फरक दाखवता येण्याची सोय मराठीने आम्हाला करून ठेवली आहे. वाक्यातले दोन्ही ‘च’ मी कागदावर गोल करून ताईंपुढे ठेवले. त्यांना ते पटले, पण पटण्याने रेघा कमी झाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या दिवसाला चाळिसाच्या आसपासच होत्या.

वळण आले ते एका साध्या प्रश्नाने. तुमच्या माहेरी स्वतःचा धंदा कोणी केला आहे का, असे मी विचारले. वडिलांचे सांगलीत किराणा दुकान होते. रात्री साडेआठला ते गल्ला मोजत, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही लिहीत, देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत आणि शटर खाली ओढत. ‘दुकान बंद केले’ असे म्हणायची त्यांच्याकडे सोय नव्हती, ‘दुकान वाढवले’ म्हणायचे, आणि लहानपणी एकदा चुकून ‘बंद’ म्हटल्याबद्दल ताईंना बोलणी बसली होती. हे सांगताना त्या प्रथमच हसल्या.

“दिवसभरात गिऱ्हाईक किती आले, हे बाबा सारखे मोजत होते का?”

“छे. रात्री एकदा गल्ला मोजायचे, बस. दिवसा तांदूळ निवडणे, पुड्या बांधणे, उधारीची वही, यातच असायचे.”

“आणि गिऱ्हाईक कमी आले त्या दिवशी?”

“शटर साडेआठलाच पडायचे,” त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, “माझ्या दुकानाला शटरच नाही, मॅडम.”

त्यांना हवे ते वेळापत्रक यानंतर तयार झाले, पण ते शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी दुकान वाढवायची वेळ ठरली, संध्याकाळी साडेसात. आकडे दिवसातून एकदा, दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटे, तेही लॅपटॉपवर. फोनमधले आकडे दाखवणारे ॲप काढून टाकले. तुलना कालच्या दिवसाशी करायची नाही, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करायची, कारण पाककृतींचे वाचक सणांबरोबर येतात आणि जातात, आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मोदकांच्या लेखाचा आकडा पडला म्हणून रडण्यात काही अर्थ नाही. सकाळचा उजेड छायाचित्रांना, दोन ते चार लेखनाला, पाच वाजता वाचकांना उत्तरे. आणि एक वही, जिला त्यांनी आपणहून रोजकीर्द हे नाव दिले. डावीकडे आज मी काय केले, उजवीकडे काय आले. डावी बाजू रोज लिहायची, उजवी फक्त सोमवारी. शेवटच्या ओळीत उद्याचे पहिले काम, म्हणजे ते रात्री डोक्यात घोळत बसणार नाही.

पैशाबाबतही याच वहीने मदत केली. जाहिरातींचे पैसे एका महिन्याचे पुढच्या महिन्यात, साधारण २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, आणि खात्यात १०० डॉलर साचल्याशिवाय निघतच नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर दर चढे, जानेवारी आला की घसरतात. घरात हे कोणालाच माहीत नव्हते. ताई आता दरमहा ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून घेतात आणि वरचे पैसे उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवतात. हा सल्ला माझा नाही, किराणा दुकानातला आहे.

एका भेटीला नवरा आणि सासूबाईही आल्या. ‘तू घरीच आहेस ना, गॅसवाला येईल तेवढे बघ’ हे वाक्य दिवसातून किती वेळा पडते, ते नवऱ्याला वहीतून दाखवावे लागले. सासूबाईंची तक्रार मात्र मला निखालस न्याय्य वाटली. या घरात फोटो झाल्याशिवाय कोणाला गरम जेवण मिळत नाही आणि ओटा कधी रिकामा नसतो, असे त्या म्हणाल्या. “देवाच्या आधी कॅमेऱ्याला नैवेद्य!” ताई दुखावल्या, पण त्यांना उत्तर देता आले नाही. मंगळवार आणि शुक्रवार ओटा ताईंचा, बाकीचे दिवस सासूबाईंचा, असे ठरले. त्यामुळे आठवड्याला एक पाककृती कमी झाली. ती कमी झाल्याने वाचक घटले का, हे ताईंनी दोन महिने उजव्या रकान्यात पाहिले. घटले नाहीत.

सगळे सुरळीत झाले असे नाही. ॲप काढल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या ब्राउझरमधून आकडे पाहू लागल्या आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळवले. गणपतीच्या आठवड्यात पुन्हा दोनदा रात्री जागल्या. मार्चपूर्वीचे वाचक आजवर परत आलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या अशा शिणवट्याची नोंद रोग म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना बरे वाटले, कारण ‘मलाच काहीतरी झाले आहे’ ही भीती त्यामागे होती. आठव्या भेटीपर्यंत रेघा दिवसाला तीन-चारवर आल्या होत्या आणि ताई बहुतेक रात्री अकराला झोपत होत्या.

त्या भेटीला त्यांनी वही आणली होती. २५ ऑक्टोबर, शुक्रवारच्या पानावर शेवटी लिहिले होते: “७.३० दुकान वाढवले.” आणि खाली, बारीक अक्षरात: “८.१५ ला पुन्हा उघडले. वीस मिनिटे.”

“आकडे?” मी विचारले.

“नाही हो. न्यू जर्सीची एक मुलगी होती. तिच्याकडे सकाळ, कढईत तूप तापलेले, आणि अनारसे हसत होते, तुपात फुटून पसरत होते. पीठ सैल झाले होते तिचे. थोडी तांदळाची पिठी मळून घे म्हटले, मग जमले.”

त्या ओळीपुढे त्यांनी गुण दिले होते, दहापैकी दहा.