अरुंधती आपली, अनुपमा शेजारची

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. घरात मराठी, जिन्यात गुजराती. सासूबाई आणि मी ‘आई कुठे काय करते’ पहिल्यापासून बघितली आणि समोरच्या बेन ‘अनुपमा’च्या पक्क्या भक्त. त्या म्हणतात मराठीवाल्यांनी अनुपमाची कॉपी मारली, सासूबाई म्हणतात उलट आहे. मालिका संपली तरी वाद चालूच. खरं काय? आणि एक, शेवटी शेवटी आपल्या मालिकेतली अरुंधती अजिबात बघवत नव्हती तरी आम्ही बघत राहिलो, असं का होतं?

उत्तर : दोघींना सांगा, कुणी कुणाचं उचललेलं नाहीये, मूळ गोष्ट बंगालची. ‘श्रीमोयी’ नावाची मालिका २०१९ च्या जूनमध्ये स्टार जलशावर आली, लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली. तिच्यावरून त्याच वर्षी डिसेंबरात स्टार प्रवाहने अरुंधती आणली आणि २०२० च्या जुलैत स्टार प्लसवर अनुपमा आली, म्हणजे तिन्ही चॅनेल एकाच कुटुंबातली. तारखा बघायच्या तर सासूबाई सहा-सात महिन्यांनी पुढे आहेत, तेवढा मान त्यांना देऊन टाका.

आता माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष मराठीच सरस होती. अरुंधती झालेली मधुराणी प्रभुलकर फार काही न करता उभी राहायची आणि समजायचं आपल्याला, हिला आत काय होतंय ते. हिंदीत तसं नाही, तिथे एक वाक्य बोललं की कॅमेरा घरातल्या एकूण एक माणसाच्या तोंडावर जाऊन येणार, वर ढोल. अनुपमा करणारी रुपाली गांगुली मेहनती बाई आहे, रडणं-हसणं एकदम करते ते मला आवडतं, पण तिला शांत बसूच देत नाहीत. अरुंधतीला गाणं दिलंय आणि अनुपमाला नाच, यातच सगळं आलं बघा. आणि ते अहमदाबादचं शहा कुटुंब! आपण बडोद्याची माणसं, पिढ्यान् पिढ्या गुजराती कानावर पडलेली, आपल्याला लगेच कळतं की यांचं गुजरातीपण ‘जय श्री कृष्ण’ आणि थेपल्यापाशी संपतं. तुमच्या बेनना विचारा, त्याही खासगीत कबूल करतील.

बघत का राहिलात, तर त्याचं कारण तुमच्यात नाहीये, मालिकेत आहे. या गोष्टीचा प्रश्न एकच होता, नवऱ्याने ऑफिसातल्या बाईसाठी फसवलं, आता ही बाई स्वतःच्या पायावर उभी राहणार की नाही? ती राहिली. घटस्फोट झाला, कॉलेजातला मित्र परत आला, लग्न झालं. दोन्हीकडे हेच, फक्त तिकडे अनुज आणि इकडे आशुतोष. बंगाली मालिका २०२१ च्या डिसेंबरात संपवली त्यांनी, अडीच वर्षांत, आणि नंतर आपल्या लेखकांकडे पुढचा नकाशाच राहिला नाही. मराठी २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ओढली आणि मग काय, आशुतोषला मारा, मुलांचे संसार मोडा, जी बाई घर सोडून गेली तिला काही ना काही निमित्ताने त्याच घरात आणा. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो, शेवट कुणी ठरवलेलाच नसतो, आणि आपण मात्र शेवट बघायला थांबलेले असतो. बस न मिळालेल्या स्टॉपवर उभं राहावं तसं, आता एवढं थांबलोय तर अजून दहा मिनिटं.

माझा नियम सांगते, पटला तर घ्या. मुख्य प्रश्न सुटला की मालिका संपली असं समजायचं, चॅनेलने जाहीर करायची वाट बघायची नाही. अरुंधती घराबाहेर पडली त्या आठवड्यात मी सोडली. बहीण फोनवर सांगायची तेवढं पुरलं मला, आणि तेही अर्धं जास्तच होतं.

प्रश्न : मालिकेत बायका झोपताना पण दागिने, लिपस्टिक घालून कशा झोपतात हो?

उत्तर : रोजचा भाग रोज द्यायचा असतो, जवळजवळ दिवसाला एक भाग उरकतात, त्यात झोपायच्या सीनसाठी सगळं उतरवून पुन्हा नटायला वेळ कुठला. शिवाय ते नेकलेस उद्या दुकानात ‘सिरियलवालं’ म्हणून विकलं जातं ना!

प्रश्न : बडोद्यात मराठी सिनेमा लागतो तो एकच शो, तोही दुपारी किंवा रात्री उशिरा. दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हटलं तर उतरलेला. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हणणंच सोडायचं. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा दाखवावा लागतो, २०१५ साली त्या प्राइम टाइम शोच्या सक्तीवरून केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना, पण ते सगळं तिकडे. इथे थिएटरवाला शुक्रवार-शनिवार-रविवारची तिकिटं बघतो आणि सोमवारी निर्णय घेतो, त्याचंही चूक नाही. मंडळाच्या ग्रुपवर ‘अरे वा, मराठी सिनेमा आलाय’ म्हणून अंगठे दाखवणारे शंभर आणि थिएटरात अकरा जण, मग कशाला ठेवेल तो? पहिल्याच शनिवारी जा, दहा-पंधरा जण मिळून जा. आणि ‘व्हेंटिलेटर’चं उदाहरण लक्षात ठेवा, २०१६ चा मराठी सिनेमा, २०१८ मध्ये गुजरातीत आला, जॅकी श्रॉफ आणि प्रतीक गांधीला घेऊन. म्हणजे गोष्ट इथल्या लोकांना चालते, आपणच आधी जात नाही.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, मराठी वाचत नाही, बोलतो अर्धं गुजराती. मराठी सिनेमा म्हटलं की ‘बोअर’. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ‘श्वास’ने करू नका. चांगलाच आहे, २००४ मध्ये आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, पण पंधराव्या वर्षी आईने जबरदस्तीने दाखवलेला तो सिनेमा पोरगं जन्मभर माफ करणार नाही. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा, परेश मोकाशींचा. २००९ मध्ये भारताकडून ऑस्करला गेलेला, लांबीला छोटा, आणि मुख्य म्हणजे विनोदी. घरातलं सामान विकून, बायकोला हाताशी धरून फाळके सिनेमा काढायला निघतात आणि कुठेही रडगाणं नाही. उपदेश करू नका फक्त, मराठी संस्कृती वगैरे तोंडातून काढायचं नाही. सिनेमा संपला की एवढंच सांगा की हे दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकलेत, सयाजीरावांनी काढलेल्या, तेच जिथे आता टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे आणि जिथे त्याचे निम्मे मित्र अॅडमिशनची स्वप्नं बघतायत, आणि पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकून बसले होते. मग तो ‘सैराट’ मागेल. द्या बघायला, पण शेवटाला खोलीत तुम्हीही बसा.